फुल मॅरेथॉन आणि सपाट ट्रेलवरची ५०

एकदोन फुल मॅरेथॉन झाल्या की ‘आता अल्ट्रा’ हा किडा डोक्यात शिरतोच. मग रेस शोधायला बसलं की सिंहगड-राजगड-तोरणा असली नावं वाचून छाती दडपते, आणि नजर जाऊन थांबते सपाट ट्रेलवरच्या (म्हणजे डांबर नसलेल्या कच्च्या वाटेवरच्या) ५० किलोमीटरवर. घाट नाही, कडे नाहीत, दगडधोंडे नाहीत. लगेच वजाबाकी होते: ५० वजा फुलचे ४२.१९५, उरले ७.८०५. म्हणजे फुल संपल्यावर आणखी तासभर. रडतखडत का होईना, होईल की!

होईलही. पण या वजाबाकीच्या भरवशावर उतरलेला माणूस साधारण पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अडकतो, आणि तिथून पुढचे पंधरा फार लांब असतात. व्याख्येने ४२.१९५ च्या पुढचं सगळं अल्ट्रा, आणि ५० हे त्यातलं सगळ्यात छोटं रूढ अंतर. आकडे जवळ, रस्ता दोन्हीकडे सपाट. त्यामुळे ५० म्हणजे लांबलेली फुल, असा समज होतो. लोक फरक शेवटच्या आठ किलोमीटरमध्ये शोधतात. माझ्या मते तो पहिल्या दहांत असतो.

सपाटी पायांना काय करते ते बघायला एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत मेरीलँड राज्यात जेएफके ५० माइल (म्हणजे ८० किलोमीटर) नावाची जुनी रेस आहे, १९६३ पासून चालत आलेली. मरीन अधिकाऱ्यांनी ५० मैल चालून दाखवावं, असं अध्यक्ष जॉन एफ. केनेडींनी सुचवलं आणि देशभर पन्नास मैल चालण्याची लाट आली, त्या लाटेतली ही रेस. तिचा मार्ग तीन तुकड्यांचा आहे. आधी ॲपलाचियन ट्रेलचा खडकाळ, डोंगरी भाग. मग चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठची सपाट वाट. शेवटी साडेतेरा किलोमीटर डांबरी रस्ता. मधली कालव्याची वाट भरते २६.३ मैल, म्हणजे ४२.३ किलोमीटर. जवळजवळ नेमकी एक फुल. हा कालवा वॉशिंग्टनपासून कंबरलँडपर्यंत २९७ किलोमीटर जातो आणि एवढ्या अंतरात जेमतेम १८४ मीटर चढतो, तेही ७४ लॉकगेटांपाशी (बोटी वरखाली करायच्या पाण्याच्या दरवाजांपाशी) थोडाथोडा. काठची वाट बोटी ओढणाऱ्या खेचरांसाठी केलेली. १९२४ मध्ये बोटी थांबल्या, वाट राहिली. सपाट ट्रेल म्हणतात तो याहून सपाट मिळणं कठीण.

डोंगरी तुकड्यात कुणाला काही शिकवावं लागत नाही. चढ आला की माणूस आपोआप चालू लागतो, पुढचाही चालतोय, मागचाही चालतोय, कुणाला लाज नाही. दगड आला की वेग उतरतो. चढाला पोटऱ्या आणि नितंबांचे स्नायू राबतात, उताराला मांडीच्या पुढच्या भागावर भार येतो, म्हणजे काम वाटून जातं. उतार मांड्यांची वाट लावतो हे खरं, पण डोंगर निदान सतत काहीतरी सांगत असतो. कालव्याची वाट काहीच सांगत नाही. तिथे पाय पहिल्या किलोमीटरला जे करतात तेच चाळिसाव्याला करतात. पाऊल मीटरभराचं धरलं तर ५० किलोमीटरमध्ये ५० हजार वेळा तीच हालचाल, त्याच कोनात. जांघ, पोटऱ्या, तळवे यांना सुट्टीच नाही. फुलमध्येही हेच होतं, फक्त तिथे कुरकूर वाढायच्या आत रेस संपते.

म्हणून सपाट ५० मध्ये चढ आपण स्वतः तयार करायचे असतात. म्हणजे चालायचं. आणि दमल्यावर नाही, पहिल्या अर्ध्या तासापासून.

हे पचायला सगळ्यात जड जातं. फुल धावणाऱ्याच्या मनात चालणं म्हणजे हरणं. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर चालावं लागलं ही गोष्ट लोक वर्षभर सांगतात. पण आकडे बघा. तुमची फुल साडेचार तासांची असेल तर पेस झाला किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद. ५० ला तुम्ही ७ च्या पेसने चार मिनिटं धावलात आणि एक मिनिट झपझप चाललात (साडेदहाच्या पेसने, म्हणजे बाजारात नाही, ट्रेन पकडायला चालतो तसं), तर सरासरी पडते बरोबर साडेसात मिनिटं. सगळं अंतर असं काढलं तर ६ तास १५ मिनिटं. आता दुसरा माणूस घ्या. तो ६:२४ नेच निघाला, तिसाव्या किलोमीटरला ३ तास १२ मिनिटांत पोचला आणि तिथे फुटला. उरलेले २० त्याने दहाच्या पेसने ओढत काढले तर त्याचे होतात ६ तास ३२ मिनिटं. पहिला सत्तर-पंचाहत्तर मिनिटं ठरवून चालला, दुसरा तीन तासांवर नाइलाजाने फरफटला, आणि तरी मागे राहिला. चार-एक हेच प्रमाण हवं असं नाही. कुणी नऊ-एक करतं, कुणी प्रत्येक एड स्टेशननंतर (वाटेतल्या खाण्यापाण्याच्या टेबलानंतर) दोनशे मीटर चालतं. घड्याळाला अलार्म लावला की निर्णय मनाकडे राहत नाही, एवढाच मुद्दा.

‘हे हळू लोकांचं झालं’ असं कुणी म्हणेल. तर वेगवानांचं उदाहरणही आहे. २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन जिंकणारी डेस लिंडन १३ एप्रिल २०२१ रोजी ऑरेगनमध्ये डोरीना तलावाच्या काठी ५० किलोमीटर धावली, २ तास ५९ मिनिटं ५४ सेकंदांत. तीन तासांच्या आत ५० पुरी करणारी ती पहिली बाई. तिची सर्वोत्तम फुल २ तास २२ मिनिटं ३८ सेकंदांची. त्या ५० मध्ये मात्र तिने ४२.१९५ ची खूण साधारण २ तास ३१ मिनिटांत ओलांडली. ती चालली नाही, तिला गरजही नव्हती. पण आपल्या फुलच्या पेसपेक्षा किलोमीटरमागे बारा-तेरा सेकंद तिनेही सोडले. आपल्यासारख्यांनी अर्धं मिनिट सोडायला काय हरकत आहे?

पेसचं एवढं लांबवलं, कारण खाण्याचा प्रश्न त्यालाच चिकटलेला आहे. धावताना माणूस वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी जाळतो. ६५ किलोच्या माणसाला फुलला पावणेतीन हजार, ५० ला सव्वातीन हजार. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर धरून चालू साधारण दोन हजारांची. उरलेलं चरबीतून आणि तोंडावाटे. फुलमध्ये तूट कमी असते. तीन-चार जेल (साखरेच्या घट्ट पाकाच्या पुड्या), शेवटच्या दहा किलोमीटरला दात-ओठ खाणं, आणि निभतं. त्यामुळे फुलमध्ये खाणं हा जोडधंदा असतो. ५० मध्ये सहा-सात तासांचा प्रश्न आहे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं आत गेलीच पाहिजेत, आणि भूक लागायची वाट बघून चालत नाही. चार तासांनंतर भूक लागतच नाही, उलट मळमळतं. जेलचा नुसता वास नको होतो. म्हणून आपल्याकडच्या अल्ट्रांमध्ये टेबलावर मीठ लावलेले उकडलेले बटाटे, संत्र्याच्या फोडी, केळी, चिक्की असते. एका केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं, चार-पाच खजुरांत जवळपास तेवढीच. खारट बटाट्याची किंमत पस्तिसाव्या किलोमीटरला कळते.

इथे हळू पेसचा दुसरा फायदा. जोरात धावताना रक्त पायांकडे वळतं, पोटाला कमी मिळतं, खाल्लेलं तसंच पडून राहतं. वेग उतरवला की पोट चालतं आणि चरबीही जास्त प्रमाणात जळते. चालायच्या त्या मिनिटात खायचं, चावून खायचं. घशात जेल पिळून पळण्याची फुलची सवय इथे विसरायची.

पाण्याच्या बाबतीत तर फुलचा अनुभव कधीकधी उलटा नडतो. आपल्या उन्हामुळे ‘पीत राहा’ हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तहानेपेक्षा बरंच जास्त पाणी तासन् तास पीत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, त्याला हायपोनेट्रिमिया म्हणतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. त्यांच्यापैकी १३ टक्के लोकांचं सोडियम घसरलेलं निघालं. आणि धोका कुणाला जास्त? ज्यांचं वजन रेसमध्ये वाढलं त्यांना, आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना. म्हणजे हळू धावणाऱ्यांना, ज्यांना प्यायला वेळ आणि टेबलं दोन्ही जास्त मिळतात. ५० मध्ये आपण सगळेच त्या गटात. पाणी कमी पडल्यावरही डोकं दुखतं, मळमळतं, आणि पाणी जास्त झाल्यावरही तेच. बोटातली अंगठी रुतायला लागली, मनगटावरचं घड्याळ घट्ट झालं, पोट डचमळतंय आणि तहान मुळीच नाही, तर आणखी पाणी ओतू नका. एड स्टेशनवरच्या डॉक्टरला सांगा. इलेक्ट्रालची पुडी बरोबर असावी, पण जास्त पाण्यावर ती उतारा नाही. तहान लागेल तसं प्यायचं, हा साधा नियम बहुतेकांना पुरतो.

मदतीची टेबलं हाही फरकच. शहरातल्या फुलमध्ये दर दोन-अडीच किलोमीटरला पाणी, रस्ता बंद, दुतर्फा ढोल-ताशे, अनोळखी पोरं हात पुढे करून उभी. ट्रेलवर दोन एड स्टेशनांमध्ये सहा-सात किलोमीटर असू शकतात, म्हणजे पाऊण तास. बाटली किंवा हायड्रेशन पॅक (पाठीवरची पाण्याची पिशवी) अंगावर हवाच, आणि तो सरावातल्या लाँग रनला वापरून झालेला हवा, नाहीतर पट्ट्याने खांदे सोलतात. व्हॅसलीन फुलपेक्षा जास्त ठिकाणी लावावं लागतं, यापुढे तपशिलात शिरत नाही. बूट मात्र नवे घेऊ नका. मुरमाच्या किंवा मातीच्या सपाट वाटेला रोजचे रोड शूज छान चालतात. खोल खाचांचे ट्रेल शूज चिखल नसेल तर उगाच जड.

आणि कंटाळा. याबद्दल कुणी आधी बोलत नाही. सरळ कालव्याच्या वाटेवर पुढचं वळण दोन किलोमीटर आधीपासून दिसतं आणि जवळ येत नाही. डोंगरात पाय कुठे ठेवायचा यात डोकं गुंतलेलं असतं. सपाटीवर त्याला काम नसतं, मग ते हिशेब मांडत बसतं, आणि पंचवीस किलोमीटरला ‘अजून पंचवीस’ हा हिशेब वाईट. मी पुढच्या टेबलापलीकडचं अंतर मोजत नाही. जाऊन-येऊन असलेला मार्ग मला लूपपेक्षा (त्याच वाटेच्या फेऱ्यांपेक्षा) बरा वाटतो, समोरून येणारे लोक दिसतात. लूपमध्ये दर फेरीला आपली बॅग हाताशी येते खरी, पण खुर्चीही येते.

तयारीत मात्र एवढा फरक नाही. फुलच्या लाँग रनला तुम्ही ३०-३२ करत असाल तर ५० साठी तेच पुरेत. एका दिवसात ४२ मारून बघायची गरज नाही, त्याने आठवडा वाया जातो. त्याऐवजी शनिवारी २८ आणि रविवारी थकल्या पायांनी १८. रविवारचे ते अठरा हाच खरा सराव. आणि निदान काही रविवार डांबर सोडून मातीत उतरा. कालव्याच्या भरावावरचा मुरमाचा रस्ता गावोगाव असतो, पुण्याच्या लोकांना मुठेचा कॅनॉल रोड माहीतच आहे. चालायचा सरावसुद्धा करायचा असतो. साडेदहाच्या पेसने चालणं बहुतेक धावणाऱ्यांना जमत नाही, नडगीच्या पुढचा स्नायू पेटतो. घाटात तयारी करणाऱ्यांना आणखी एक सूचना: सिंहगड आठवड्यातून दोनदा चढणाऱ्याचे पाय दणकट असतात, पण तीन तास सलग एकाच लयीत धावायची सवय त्यांना नसते. सपाट रेस असेल तर सपाटीवरचे तास भरावेच लागतात.

शेवटचा फरक घड्याळाचा आहे आणि महाराष्ट्रात तो सगळ्यात आधी बघावा. जानेवारीच्या मुंबईत पहाटे निघालेला साडेचार तासवाला दहाच्या आत मेडल गळ्यात घालून वडापावच्या रांगेत असतो. तोच माणूस सहाला सुटणाऱ्या ५० मध्ये बारा-एक वाजता अजून वाटेवर आहे. सपाट ट्रेल म्हणजे बहुधा उघडा माळ, कालवा किंवा शेताचा बांध, सावली नावाला. फेब्रुवारीअखेर देशावर दुपारी पारा पस्तिशीला टेकतो, आणि रेसचे शेवटचे दोन तास त्या चढत्या उन्हातच येतात. रेसच्या पानावर अंतर आणि फी वाचून झाली की सुटण्याची वेळ, कटऑफ (रेस संपवायची मुदत) आणि महिना वाचा, मग नाव नोंदवा. पहिली ५० नोव्हेंबर ते जानेवारीत मिळाली तर घ्या. फेब्रुवारीची घ्यावीच लागली तर मागे कापड असलेली टोपी, ड्रॉप बॅगेत (वाटेतल्या टेबलापाशी ठेवलेल्या आपल्या पिशवीत) कोरडे मोजे आणि दुसरा टीशर्ट, आणि ठरवलेल्या पेसमध्ये किलोमीटरमागे आणखी वीस-तीस सेकंद.