जरथुश्त्री धर्म

प्राचीन इराणात जरथुश्त्राने प्रवर्तित केलेला, अहुर मज्दा या सर्वश्रेष्ठ ईश्वराची उपासना सांगणारा धर्म. भारतात तो पारशी आणि इराणी या समाजांचा धर्म म्हणून ओळखला जातो.

जरथुश्त्राच्या काळाविषयी एकमत नाही. परंपरेने तो इ. स. पू. सातव्या-सहाव्या शतकात मानला जातो. पण गाथा या स्तोत्रांची भाषा ऋग्वेदाच्या इतकी जवळची आहे की अनेक अभ्यासक त्याला इ. स. पू. १५०० ते १००० च्या दरम्यान नेतात. या १७ गाथा ७२ अध्यायांच्या ‘यस्ना’ या उपासनाग्रंथात गुंफलेल्या असून प्रेषिताचे स्वतःचे शब्द म्हणून त्याच मानल्या जातात. उरलेला बराचसा अवेस्ता (या धर्माचा ग्रंथसंग्रह) नंतरचा आहे. वेद आणि अवेस्ता यांचे मूळ कुटुंब एकच. सोमाला इथे हओम म्हणतात, मित्राला मिथ्र. मात्र इथले ‘दएव’ (देव) हे दुष्ट आणि ‘अहुर’ (असुर) पूज्य.

या धर्माचा गाभा ‘अश’ आणि ‘द्रुज’ यांच्या विरोधात आहे. अश म्हणजे सत्य व विश्वाची सुव्यवस्था, म्हणजे वेदांतले ऋत. द्रुज म्हणजे असत्य. आरंभी दोन जुळे मैन्यू, म्हणजे आत्मशक्ती, होते. एकाने चांगले निवडले, दुसऱ्याने वाईट, असे गाथा सांगते. तीच निवड प्रत्येक माणसापुढे असते. हुमत, हूख्त, हुवर्श्त, म्हणजे सुविचार, सुवचन, सुकृती, हा आचाराचा सारांश. मृत्यूनंतर चौथ्या दिवशी पहाटे आत्म्याचा चिन्वत पुलावर न्याय होतो. अखेरीस सओश्यंत हा त्राता येऊन सृष्टी निर्मळ करतो. सृष्टी मुळात चांगली असल्याने संन्यास व उपवास यांना इथे पुण्य नाही. शेती करणारा, संसार करणारा, कमावून दान देणारा माणूस श्रेष्ठ ठरतो.

मग हा धर्म एकेश्वरवादी की द्वैतवादी? नंतरच्या पहलवी (मध्य फारसी) ग्रंथांत अहुर मज्दा स्वतःच अंग्र मैन्यू (अहरिमन) या दुष्ट शक्तीचा प्रतिस्पर्धी झाला आहे. याच द्वैतावर जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८४० च्या दशकात मुंबईत टीकेची झोड उठवली. तिला उत्तर मिळाले ते पुण्यातून. १८५९ ते १८६६ या काळात तेथे संस्कृत शिकवणाऱ्या मार्टिन हाउग या जर्मन पंडिताने गाथा वेगळ्या काढून दाखवल्या आणि त्यांत दोन्ही मैन्यू मज्दाच्या अधीन आहेत असे प्रतिपादले. सुशिक्षित पारशांनी ही मांडणी उचलून धरली. ती सोयीची होती हे खरे, पण शतकानुशतके धर्म जपणाऱ्या दस्तुरांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, पहलवी परंपरेला बाजूला सारणारीही होती.

अखमनी सम्राट पहिला दारियस बेहिस्तूनच्या शिलालेखात मज्दाच्या कृपेचा वारंवार उल्लेख करतो. राजधर्माचे बळकट रूप मात्र ससानी काळात (२२४–६५१) आले. कर्तीर हा धर्माधिकारी तर परधर्मीयांना दडपल्याचे आपल्या शिलालेखांत अभिमानाने सांगतो. अरबांच्या विजयानंतर बाजू पालटली. १८५४ मध्ये मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हतारिया यांना इराणला पाठवले. त्यांच्या दीर्घ प्रयत्नांनी १८८२ मध्ये तिथल्या जरथुश्त्रींवरचा जिझिया कर रद्द झाला.

भारतातील आगमनाचा मुख्य आधार म्हणजे ‘किस्सा-इ-संजान’ हे सोळाव्या शतकाच्या अखेरीचे फारसी काव्य. दुधात साखर विरघळवल्याची लाडकी कथा त्यात नाही. त्याहून जुना, भक्कम पुरावा मुंबईजवळ कान्हेरी लेण्यांत आहे: १००९ आणि १०२१ साली तेथे येऊन गेलेल्या जरथुश्त्रींचे पहलवी लेख.

अग्नी हे अशाचे दृश्य रूप आहे, त्यामुळे ‘अग्निपूजक’ हे वर्णन अपुरे पडते. आतश बेहराम या सर्वोच्च दर्जाच्या अग्नीसाठी विजेसह १६ प्रकारचे अग्नी शुद्ध करून एकत्र आणावे लागतात. भारतात असे आठ असून चार मुंबईत आहेत. उदवाड्याचा इराणशाह सर्वांत जुना. नवजोत या दीक्षाविधीत मुलामुलींना सदरा आणि ७२ लोकरी धाग्यांची कुस्ती, म्हणजे कमरेला बांधायची पवित्र दोरी, मिळते.

धर्मांतरितांना पारशी संस्थांचे हक्क नाकारणारा मुंबई उच्च न्यायालयाचा १९०८ चा निकाल आजही वादात ओढला जातो. २०११ च्या जनगणनेत भारतात ५७,२६४ पारशी होते. डायक्लोफिनॅक या गुरांना दिल्या जाणाऱ्या औषधामुळे गिधाडे संपत आल्यावर दोखम्यांचा, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याच्या मनोऱ्यांचा, प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवली गेली, तर दहन स्वीकारणाऱ्यांसाठी २०१५ मध्ये वरळीला प्रार्थनागृह झाले. इराणातील जरथुश्त्री विसाव्या शतकातच दफनाकडे वळले होते.