पान आपला वर्ग आपणच सांगते: विकीवरच्या मांडणीची पार्श्वभूमी

विकिपीडियावर 'महाराष्ट्रातील किल्ले' अशा एखाद्या वर्गाच्या, म्हणजे एका विषयाच्या लेखांच्या गटाच्या, पानावर जाऊन 'संपादन' दाबले, तर आत बहुधा एकदोन ओळीच असतात. बाहेर दिसणारी किल्ल्यांची लांबलचक यादी तिथे कुठेच लिहिलेली नसते. नवखे संपादक नेमके इथे अडखळतात. यादीत एखादा गड राहिलेला दिसतो, पण तो घालायचा कुठे ते सापडत नाही. तो घालायचा असतो त्या गडाच्याच पानावर, तळाशी [[वर्ग:महाराष्ट्रातील किल्ले]] असे लिहून. म्हणजे पान वर्गाकडे वर्दी देते आणि वर्ग फक्त वर्द्या मोजतो. ही उफराटी वाटणारी रीत विकिपीडियापेक्षा जवळपास सहा वर्षांनी जुनी आहे, आणि आजच्या बहुतेक गोंधळांचे मूळही तिच्यातच आहे.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी, म्हणजे वाचकांनाच संपादता येणारे संकेतस्थळ, 'विकीविकीवेब' खुली केली. प्रोग्रामरांनी सॉफ्टवेअर-रचनेचे नमुने एकत्र नोंदवावेत हा तिचा हेतू. नाव होनोलुलू विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून घेतलेले. तिथे फोल्डर नव्हते, विषयसूची नव्हती. दोन इंग्रजी शब्द मधली जागा काढून जोडायचे, प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे ठेवायचे, की दुवा तयार. पानाच्या शीर्षकावर टिचकी मारली की त्या नावाचा उल्लेख असलेली सगळी पाने शोधून समोर येत. याच सोयीवर लोकांनी वर्गीकरण उभे केले. 'कॅटेगरी' या शब्दाने सुरू होणारे एखादे नाव ठरवायचे, संबंधित पानांच्या तळाशी ते टाकायचे, मग त्या नावाच्या पानावर जाऊन शीर्षक दाबायचे. सॉफ्टवेअरला वर्ग म्हणजे काय ते ठाऊकच नव्हते. होता तो निव्वळ संकेत, आणि तळाशी नाव टाकायला विसरलेले पान यादीतून गळायचे.

१५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला तो 'यूजमॉडविकी' या सॉफ्टवेअरवर, आणि दुव्यांची ही जोडशब्दी पद्धत त्याच्याकडेही आली. ज्ञानकोशाला ती झेपणारी नव्हती. एकशब्दी शीर्षकाचे काय करायचे हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. काही आठवड्यांत दुहेरी चौकटी कंसांचा दुवा आला आणि शीर्षके माणसासारखी झाली. दुसरा प्रयोग तिरप्या रेघेचा. 'अफगाणिस्तान/इतिहास' अशी उपपाने करून देशाच्या पोटात त्याचा इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था ठेवली जाई. दिसायला नीटनेटके, पण अशा पानाला आई एकच. दोन देशांमधल्या युद्धाचे पान कोणाच्या पोटात घालणार? जानेवारी २००२ मध्ये मॅग्नस मान्स्के यांनी लिहिलेले नवे सॉफ्टवेअर आले तेव्हा लेखांपुरती उपपाने बंद झाली. चर्चा आणि सदस्य यांच्यासाठी वेगळी नामविश्वे, म्हणजे पानांचे स्वतंत्र विभाग, मिळाली, आणि उपपाने तिथे उरली. सदस्याच्या नावाखालची 'धूळपाटी', म्हणजे सरावाचे पान, याच जुन्या तिरप्या रेघेवर चालते.

मधली सव्वादोन वर्षे हाताने केलेल्या याद्यांची होती. यादी एका पानावर, लेख दुसऱ्या, आणि दोन्ही एकाच वेळी सुधारायची आठवण फारच थोड्यांना.

मे २००४ च्या अखेरीस मीडियाविकी या विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरच्या १.३ आवृत्तीबरोबर खरेखुरे वर्ग आले. कनिंगहॅम यांच्या विकीवरचा संकेतच आता डेटाबेसमध्ये बसवला गेला. एक तक्ता, त्यात प्रत्येक ओळीला मुख्यतः तीन गोष्टी: कोणते पान, कोणता वर्ग, आणि क्रम लावण्याची किल्ली. वर्गाचे पान उघडले की तक्त्यातून एका वेळी २०० नावे निघतात. विसरलेले पान शोधणेही सोपे झाले, कारण ज्या पानाची तक्त्यात एकही ओळ नाही ते आपोआप अवर्गीकृत पानांच्या यादीत येते.

पण वर्दी पानाकडूनच येत राहिली. म्हणून वर्गाचे नाव बदलणे अजूनही कटकटीचे आहे. नुसते वर्गाचे पान स्थानांतरित केले तर नव्या नावाखाली रिकामे पान दिसते, कारण सगळे लेख जुन्याच नावाची वर्दी देत असतात. पुनर्निर्देशनानेही, म्हणजे जुन्या पानावरून नव्याकडे आपोआप वळवूनही, भागत नाही. वाचक नव्या पानावर पोचतो, लेख मात्र मागेच राहतात. क्रम असा ठेवावा: आधी नवा वर्ग तयार करून त्याला वरचे वर्ग लावायचे, मग प्रत्येक लेखातली ओळ बदलायची, आणि शेवटी जुन्या पानावर नव्या नावाची सूचना ठेवायची. दहावीस पाने असतील तर हॉटकॅट या वर्ग बदलण्याच्या साधनाने हाताने होते. शेकडो असतील तर सांगकाम्या, म्हणजे आपोआप संपादने करणारा बॉट, लावावा. एवढे करूनही काही लेख हटत नसतील तर त्यांना वर्ग साच्यातून, म्हणजे अनेक लेखांत जोडलेल्या सामाईक मजकुराच्या पानातून, मिळत असतो. साचा दुरुस्त केला तरी तक्ता लगेच बदलत नाही, कामे रांगेत लागतात. घाई असेल तर लेख उघडून काहीही न बदलता जतन करावा. आणि साच्यातला वर्ग 'इन्क्लूडओन्ली' खुणांमध्ये (यांतला मजकूर साच्याच्या स्वतःच्या पानाला लागू होत नाही) न घातल्यास साचा स्वतःच किल्ल्यांच्या रांगेत जाऊन बसतो.

वर्गात वर्ग ठेवता येतो, आणि त्यावर सॉफ्टवेअरचा काहीही अंकुश नाही. 'पुणे' मध्ये 'पुण्यातील व्यक्ती', त्यात एका लेखकाचा वर्ग, त्यात त्याची पुस्तके. तीन पायऱ्यांत कादंबरी शहराच्या पोटात. 'अ' मध्ये 'ब' आणि 'ब' मध्ये 'अ' असे चक्रही बिनबोभाट होते. म्हणूनच याला झाड म्हणणे चूक, हे जाळे आहे.

लेख उपवर्गात गेला की वरच्या वर्गातून काढायचा, हा शिरस्ता गर्दी टाळण्यासाठी पडला. त्याचा चटका एप्रिल २०१३ मध्ये बसला. इंग्रजी विकिपीडियावर 'अमेरिकन कादंबरीकार' या वर्गातून स्त्रियांची नावे काढून 'अमेरिकन स्त्री कादंबरीकार' मध्ये हलवली जात होती. वर पुरुष उरत होते. एका कादंबरीकार लेखिकेने न्यूयॉर्क टाइम्समध्ये ते उघड केले आणि मोठा गदारोळ झाला. लिंग, धर्म, जात यांवरचे उपवर्ग मूळ वर्गाची जागा घेऊ शकत नाहीत, ते जोडीला असावेत, हे कुणाही विकीने यातून उचलावे. विकिडेटा हा विकिपीडियाचा जोड-माहितीसाठा ऑक्टोबर २०१२ मध्येच सुरू झाला होता. तिथे 'कादंबरीकार', 'स्त्री', 'अमेरिका' ही तीन वेगळी विधाने असतात आणि हवा तो छेद प्रश्न विचारून काढता येतो. वर्ग मात्र त्याने हटले नाहीत, कारण तळाची एक ओळ लिहायला काहीच शिकावे लागत नाही.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा, म्हणजे वर्ग यायच्या आधीचा. इथे क्रमाची अडचण निराळी. क्रम नुसता युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या, अंकांप्रमाणे लावला तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये पडतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा, २००८ साली आले आणि त्याला पार मागचा क्रमांक मिळाला, त्यामुळे 'ॲमेझॉन' अ-खाली न येता ह-नंतर येतो. मीडियाविकीच्या २०११ च्या १.१७ आवृत्तीपासून क्रमाची पद्धत निवडता येते. ती न निवडलेल्या विकीवर प्रत्येक लेखाला 'डिफॉल्टसॉर्ट' या सूचनेने क्रमाची किल्ली हाताने द्यावी लागते. व्यक्तींच्या लेखांना ती तशीही लागतेच. 'शिरवाडकर, विष्णू वामन' अशी किल्ली नसेल तर कुसुमाग्रज श-ऐवजी व-खाली सापडतात. आणि निम्म्यांना आडनावाची किल्ली, निम्म्यांना नाही, अशी यादी कुणालाच वापरता येत नाही.

शीर्षकांचे दुखणे अधिक छुपे आहे. 'ऱ्हस्व' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: वेगळ्या ऱ अक्षराने, किंवा साध्या र, हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. डोळ्यांना दोन्ही सारखेच, डेटाबेसला दोन भिन्न शीर्षके. वर्गाच्या नावात असे झाले की एकाच नावाचे दोन वर्ग होतात, लेख दोघांत विभागले जातात आणि चूक कुठे आहे ते पाहून कळतच नाही. अशा वेळी नाव हाताने टंकू नये, चालू वर्गाच्या पानावरून उचलून चिकटवावे. शीर्षकाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतली प्रत्येक खूण, काना-मात्रा-हलन्तासकट, ३ बाइट खाते. एकट्या 'महाराष्ट्र' चे ३० बाइट होतात. ८५ खुणांत जिल्हा, तालुका आणि विषय बसवणारे वर्गनाव म्हणूनच आटोपशीर ठेवावे लागते.