बिंबिकेच्या पोटातली ठिणगी

रक्ताच्या तपासणीच्या कागदावर ‘प्लेटलेट’ म्हणून जिचा आकडा असतो, ती बिंबिका म्हणजे जेमतेम २ ते ३ मायक्रोमीटर व्यासाची चकती. तिला केंद्रक नाही, आयुष्य ७ ते १० दिवसांचं. पण एवढ्याशा पोटात ५ ते ८ तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया असतात. पेशीला ऊर्जा पुरवणं हे त्यांचं काम आपण शाळेत शिकलो. गुठळी कुठे आणि किती घट्ट धरायची, यातही त्यांचा हात असतो, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

नीलेतली गुठळी आणि रोहिणीतली गुठळी एकसारखी नसते. नीलेत रक्त संथ वाहतं, फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांच्या जाळ्यात लाल पेशी अडकतात आणि गुठळी लाल दिसते. रोहिणीत रक्ताला जोर असतो. तिथे बहुतेक वेळा भिंतीत साचलेला चरबीचा थर फुटतो, खालचं कोलॅजन हे तंतुमय प्रथिन उघडं पडतं आणि त्या वेगवान धारेतही बिंबिका त्याला जाऊन चिकटतात. बिंबिकाच जास्त, म्हणून ही गुठळी फिकट, पांढुरकी. हृदयविकाराच्या झटक्यामागे बहुधा हीच असते.

चिकटलेल्या सगळ्या बिंबिका पुढे एकच काम करत नाहीत. बऱ्याच जणी नुसत्या एकमेकींना धरून राहतात. काहींच्या आत मात्र कॅल्शियम इतकं चढतं की ते तंतुकणिकांतही भरतं. मग सायक्लोफिलिन-डी नावाच्या विकरामुळे (एन्झाइममुळे) तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात एक छिद्र उघडतं, पडद्यावरचा विद्युतदाब कोसळतो आणि बिंबिका फुग्यासारखी फुगते. तिच्या आवरणाच्या आतल्या बाजूला दडलेला फॉस्फॅटिडिलसेरिन हा स्निग्ध पदार्थ बाहेर येतो. रक्त गोठवणारे घटक त्याच्यावर येऊन बसतात आणि फायब्रिनचं जाळं विणायला लावणारं थ्रॉम्बिन झपाट्याने तयार होऊ लागतं. हा पदार्थ बाहेर आणण्याची क्षमताच जन्मतः नसेल, तर काय होतं? स्कॉट सिंड्रोम या दुर्मीळ आजारात तेच होतं, आणि त्या रुग्णांना रक्तस्रावाचा त्रास होतो.

ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या तापट रेणूंचा मारा, इथेच आत शिरतो, कारण तो वाढला की हे छिद्र कमी कॅल्शियमवरही उघडतं. ताण येतो कुठून? तंतुकणिकेत अन्नातले इलेक्ट्रॉन एका विकराकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात. या साखळीतून, विशेषतः पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यावर, थोडे इलेक्ट्रॉन निसटतात आणि ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड बनतं. या ठिणग्या विझवायला मॅंगनीज असलेलं एसओडी-२ हे विकर तिथेच हजर असतं. ते सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. त्यापुढे सेलेनियम असलेलं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करून टाकतं. हे दुसरं विकर कमी पडलं तर साचलेलं पेरॉक्साइड बिंबिकेला आणखी चिथावतं.

रोहिणीच्या अस्तरात तर याहून मोठं नुकसान होतं. हे अस्तर सतत नायट्रिक ऑक्साइड सोडत असतं. १९९८ चं नोबेल पारितोषिक ज्या रेणूवरच्या शोधासाठी मिळालं, तोच हा. तो रोहिणीला सैल ठेवतो आणि बिंबिकांना शांत. सुपरऑक्साइड त्याला गाठतं तेव्हा दोघांची अभिक्रिया इतकी झटपट होते की एसओडीलाही मागे टाकते. त्यातून तयार होतं पेरॉक्सिनायट्राइट, आणि ते एसओडी-२ मधल्या टायरोसिन या एका अमिनो आम्लावर नायट्रो गट चिकटवून त्या विकरालाच निकामी करतं. आग विझवणाराच जळतो, ठिणग्या वाढतात, नायट्रिक ऑक्साइड आणखी घटतं. हे दुष्टचक्र कळलं तेव्हा मी वाचता वाचता थांबलो होतो.

मग बिंबिकेतूनच एसओडी-२ काढून टाकलं तर गुठळ्या भडकतील, असं कुणालाही वाटेल. उंदरांमध्ये ते करून पाहिलं आणि बिंबिकांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. हेच विकर पूर्ण शरीरातून काढलं, तर पिल्लं जन्मानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत दगावतात. म्हणजे ठिणगी कोणत्या पेशीत आणि पेशीच्या कोणत्या कोपऱ्यात पडते, यावर सगळं अवलंबून. मला वाटतं, अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या जाहिरातींत नेमकं हेच गाळलेलं असतं. ‘होप’ या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना साधारण साडेचार वर्षं रोज ४०० युनिट ‘ई’ जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंट दिलं. २००० साली निकाल आला: झटके, पक्षाघात, मृत्यू, कशातच फायदा दिसला नाही. पोटात गेलेलं जीवनसत्त्व शरीरभर पसरतं. सुपरऑक्साइड तंतुकणिकेच्या पडद्याआड जन्मतं आणि क्षणात आपलं काम उरकतं.

नेमक्या जागेचं महत्त्व सगळ्यात स्पष्ट दिसतं ते नायट्रोग्लिसरिनमध्ये. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात तेच औषध. त्याचा परिणाम व्हायचा तर ते आधी मोडावं लागतं, आणि त्या कामात एएलडीएच-२ हे तंतुकणिकेतलंच विकर मोठा वाटा उचलतं. औषध अखंड चालू राहिलं तर याच विकराच्या क्रियाकेंद्रातलं गंधक ऑक्सिडीकरणाने जखडलं जातं, विकर मंदावतं आणि औषधाचा गुण ओसरतो. म्हणूनच छातीवर लावायची नायट्रोग्लिसरिनची पट्टी डॉक्टर रोज १० ते १२ तास, बहुधा रात्री, काढून ठेवायला सांगतात. तेवढ्या वेळात औषधाला पुन्हा गुण येतो.