शिक्क्यांची निसर्गदृश्ये

रबरी शिक्के आणि शाईची पॅड वापरून आर्ट जर्नलच्या पानावर निसर्गदृश्य उभे करण्याची कागदकला. आर्ट जर्नल म्हणजे चित्र, मजकूर, चिकटकाम असे सगळे सामावून घेणारी आणि बहुधा स्वतःपुरतीच ठेवलेली चित्रवही. झाड, डोंगर, ढग, पक्षी, होडी असे सुटे शिक्के तिच्या पानावर एकत्र आणले जातात आणि त्यांच्या मधली व मागची जागा शाईच्या छटांनी भरली जाते. शिक्क्यातून रेषा मिळते. खोली, उजेड आणि हवा मात्र शाईतून आणावी लागते. या कलेचे बहुतेक कसब त्या दुसऱ्या भागात आहे. दहा सुरेख शिक्के नीट उमटवूनही पान सपाट राहू शकते आणि सुरूच्या झाडाचा एकच शिक्का तीन वेगळ्या छटांत उमटवला तर जंगल दिसू लागते.

रबरी शिक्का शक्य झाला तो व्हल्कनीकरणामुळे. गंधक आणि उष्णता यांच्या योगाने रबर टिकाऊ व लवचीक होते, हे चार्ल्स गुडइयर यांच्या 1839 साली लक्षात आले. 1844 मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. पुढे शिक्का पोस्टात, बँकेत, कचेरीत गेला आणि तिथला शिक्का उचलून चित्रात आणण्याचे काम विसाव्या शतकातल्या कलावंतांनी केले. जर्मनीतील कुर्ट श्विटर्स यांनी 1919 च्या सुमारास कचेरीचे शिक्के वापरून रेखाटने केली. अमेरिकेत रे जॉन्सन यांच्यामुळे फोफावलेल्या टपालकलेत, म्हणजे छोट्या कलाकृती टपालाने एकमेकांना पाठवण्याच्या कलेत, शिक्का हे नेहमीचे साधन बनले. जपानमध्ये वाट वेगळी होती. तिथे 1931 साली फुकुई रेल्वेस्थानकात प्रवाशांसाठी स्थानकाचा शिक्का ठेवण्यात आला आणि त्याच वर्षी टपालखात्याने स्थानिक दृश्य कोरलेले, तांबूस तपकिरी शाईत उमटणारे शिक्के सुरू केले. हे शिक्के वहीत गोळा करण्याचा छंद तिथे आजही आहे. त्यात अख्खे दृश्य एकाच शिक्क्यात असते. दृश्याचे सुटे भाग करून ते हवे तसे मांडण्याची पद्धत अमेरिकेतील छंदशिक्क्यांच्या व्यवसायात रुजली. केव्हिन नाकागावा यांच्या ‘स्टँपस्केप्स’ या शिक्क्यांच्या कंपनीचा त्यात मोठा वाटा आहे. ढगांची कड, धबधबा, खडकाळ किनारा, दूरची झाडी असे त्यांचे शिक्के एकमेकांत मिसळतील अशाच बेताने आखलेले असतात.

चांगला शिक्का खोल कोरलेल्या रबराचा असतो. धातूच्या कोरीव पट्टीवरून साचा घेतात, त्या साच्यात कच्चे रबर सुमारे 150 अंश सेल्सिअसला दाबून पक्के करतात. मग ते फोमच्या थरावर आणि पुढे लाकडी ठोकळ्यावर बसवतात. फोटोपॉलिमरचे, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, पारदर्शक शिक्के अॅक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटतात. आरपार दिसत असल्याने ते नेमक्या जागी टेकवता येतात. तरीही झाडाच्या सालीतल्या किंवा पाण्यावरच्या तरंगातल्या बारीक रेघांसाठी रबरच सरस ठरते. द्रावकयुक्त शाईसुद्धा रबर निमूट सोसते. पॉलिमर तिने कालांतराने खराब होतो.

शाईची निवड हा खरा कळीचा मुद्दा आहे. डाय शाईतला रंग विरघळलेला असतो, तो कागदाच्या तंतूंत उतरतो, लवकर वाळतो आणि पारदर्शक राहतो. पिवळ्यावर निळा फिरवला की हिरवा मिळतो, म्हणून आकाश आणि पाणी यांच्यासाठी ती सोयीची. उजेडात मात्र ती फिकी पडते. पिगमेंट शाईतले रंगकण विरघळत नाहीत, ते पृष्ठभागावर बसतात. रंग दाट आणि टिकाऊ असतो, पण वाळायला वेळ लागतो. गुळगुळीत लेपाच्या कागदावर तर ती उष्णता दिल्याशिवाय नीट वाळतच नाही, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत तिला आणखी धीर द्यावा लागतो. याच ओलेपणामुळे तिच्यावर एम्बॉसिंगची पूड चिकटते आणि हीट गनने वितळवून उठावाची रेघ करता येते. दोन्हींचे मिश्रण असलेल्या शायाही आहेत. रेंजर कंपनीची 2017 मध्ये आलेली डिस्ट्रेस ऑक्साइड ही त्यांपैकी ठळक. तिच्यावर पाण्याचा शिंतोडा पडला की खडूसारखा धुरकट डाग उमटतो आणि धुके दाखवायला तो फार उपयोगी पडतो.

दृश्य रचण्याचा क्रम चित्रकाराच्या सवयीच्या उलट असतो. रंगचित्रात बहुधा आधी आकाश, मग डोंगर आणि शेवटी पुढचे झाड येते. शिक्क्याची शाई पारदर्शक असल्यामुळे मागच्या डोंगराची रेघ पुढच्या झाडातून दिसत राहते. म्हणून पुढचे झाड आधी उमटवतात. तेच झाड पातळ कागदावर उमटवून रेघेच्या किंचित आतून कापतात आणि हा मास्क पानावरच्या झाडावर बसवून त्यावरूनच डोंगर उमटवतात. मास्क काढला की डोंगर झाडामागे गेलेला असतो. कागद रेघेच्या बाहेरून कापला तर झाडाभोवती पांढरी कड उरते. जाड कागद घेतला तरी तीच गत होते, कारण त्याच्या कडेपाशी शिक्का पानाला टेकत नाही.

अंतर दाखवायला शाई कमी करणे हा सर्वांत साधा उपाय. शिक्का पॅडवर टेकवून आधी रद्दी कागदावर एकदा दाबायचा आणि उरलेल्या शाईत पानावर उमटवायचा. हा दुसरा ठसा फिका येतो, म्हणून दूरचा वाटतो. त्यामागचे कारण निसर्गातच आहे : अंतर वाढत जाते तसे मधल्या हवेत विखुरलेला प्रकाश वाढतो आणि वस्तू फिक्या व निळसर दिसतात. महाबळेश्वरच्या कड्यावरून सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक विरळ होत जाताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. तशा रांगा पानावर आणायला शिक्काही लागत नाही. कागद हाताने फाडून त्याची ओबडधोबड कड पानावर धरायची, कडेखाली स्पंजने किंवा मऊ ब्रशने शाई गोल फिरवत लावायची आणि खाली जाता जाता ती विरवायची. माथा ठसठशीत येतो, पायथा धुक्यात हरवतो. सर्वांत वरची, दूरची रांग सर्वांत फिकी ठेवायची. मग कागद खाली सरकवून पुढची रांग थोडी गडद करायची. ब्रशवरची जादा शाई आधी रद्दी कागदावर उतरवली नाही तर कडेपाशी जो गडद डाग पडतो, तो नंतर जात नाही.

चंद्रासाठी कागदाची गोल चकती ठेवून तिच्याभोवती शाई फिरवतात. चकतीलगत रंग हलका ठेवला तर चंद्राभोवती तेज दिसते. एकदा चंद्राची जागा ठरली की उजेडाची दिशाही ठरली. मग प्रत्येक झाडाची आणि खडकाची पलीकडची बाजू गडद करावीच लागते. अनेक पाने इथेच फसतात, कारण शिक्क्यात कोरलेली सावली चंद्राच्या बाजूची असू शकते. अशा वेळी चंद्र दुसऱ्या बाजूला हलवणे सर्वांत सोपे.

पाण्यातले प्रतिबिंब सोपे वाटते, पण शिक्का नुसता उलटा धरून ते मिळत नाही. 180 अंशांत फिरवलेल्या ठशात वरखाली बदलते, तसेच डावेउजवेही बदलते. सुरूसारख्या दोन्हीकडे सारख्या झाडाला ते खपून जाते. वाऱ्याने एका बाजूला झुकलेला माड मात्र पाण्यात भलत्याच बाजूला झुकतो. उपाय असा : शिक्का आधी सपाट, कोऱ्या रबरी पट्टीवर उमटवायचा आणि शाई ओली असतानाच ती पट्टी 180 अंशांत फिरवून पानावर दाबायची. पट्टीमुळे डावेउजवे आणखी एकदा बदलते आणि खरे प्रतिबिंब मिळते. ठसा आपोआप फिका येतो, हेही इथे पथ्यावरच पडते. त्यावरून ओलसर ब्रश आडवा ओढला की पाणी हलते.

हेच काम सुट्या कार्डावर करणे आणि वहीत करणे यांत फरक आहे. वहीचे पान पुढच्या पानांच्या गादीवर असते, त्यामुळे ठसा मध्ये पुसट येतो. पानाखाली कडक पुठ्ठा सरकवणे जरुरीचे. शिवणीजवळ लाकडी ठोकळा टेकतच नाही, तिथे ठोकळ्याविना रबर बोटांनी दाबतात. साधारण 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत जलरंगी कागद पाणी आणि घासणे दोन्ही सहन करतो. खरबरीत हातकागदावर बारीक रेषा तुटतात; डोंगर आणि ढगांना ते शोभते, पक्ष्यांना नाही. जेसोचा, म्हणजे रंगकामाआधी देतात त्या पांढऱ्या लेपाचा, थर दिलेल्या पानावर डाय शाई आत मुरत नाही आणि ओल्या बोटानेही पुसली जाते. मजकुरासाठी जागा आधीच राखावी लागते, आणि धुके किंवा आकाश यांच्यासारखी तयार जागा दुसरी नाही. पिगमेंट शाईची पाने समोरासमोर आली तर मध्ये बटर पेपर ठेवतात.

डाय शाईचे फिके पडणे भिंतीवरच्या चौकटीत मोठा दोष आहे, पण मिटलेल्या वहीत उजेड पोचत नसल्याने रंग बराच काळ टिकतात. शिक्क्यांवरील रेखाटनांचा हक्क मात्र ती काढणाऱ्या कंपनीचा असतो. अनेक अमेरिकी कंपन्या हाताने उमटवलेले काम विकू देतात, पण त्या पानाच्या यंत्राने छापलेल्या प्रती विकायच्या तर वेगळी परवानगी घ्यावी लागते.