हसा म्हटलं की हसू पळतं

वाईजवळच्या मेणवली घाटावर सकाळी सातला प्री-वेडिंग शूट सुरू झालं, की पहिला अर्धा तास मुलाच्या हातांचं काय करायचं यातच जातो. खिशात घातले तर तो कॉलेजच्या स्नेहसंमेलनातला वाटतो, घडी घातली तर प्रभागातला इच्छुक उमेदवार. मुलगी तुलनेनं सावरलेली असते, पण तिचं हसू ओठांपाशी येऊन थांबलेलं. मागून कुणीतरी मावसभाऊ ओरडतो, "स्माइल प्लीज!" आणि उरलंसुरलं तेही जातं.

लग्नाचे फोटो काढायला लागलो तेव्हा मीही 'हसा' म्हणायचो. ते सुटलं एका आजींमुळे. साखरपुड्याचा अल्बम चाळताना नातवाच्या फोटोवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "दात दिसतायत रे ह्याचे, पण हा हसत नाहीये." फोकस, उजेड, सगळं जागच्या जागी होतं. तरी आजींचं बरोबर होतं.

त्यांनी जे पाहिलं, त्याचा छडा एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधल्या एका डॉक्टरानं लावला होता. ग्योम द्युशेन त्याचं नाव. चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा हलका झटका देऊन कोणता भाव उमटतो हे तो तपासायचा आणि त्याचे फोटो काढून ठेवायचा. १८६२ साली त्यानं ते छापले. त्यातल्या कितीतरी फोटोंमध्ये जोडे शिवणारा एक म्हातारा दिसतो. त्याच्या चेहऱ्याची संवेदना जवळपास गेलेली होती, त्यामुळे झटके त्याला फारसे बोचत नसत. गालाच्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या स्नायूला वीज दिली, की म्हाताऱ्याचे ओठ ताणले जात, दात दिसत. पण चेहरा हसरा होत नसे. काहीतरी गमतीचं ऐकून तो खरोखर हसला, की डोळ्याभोवतीचा कड्यासारखा गोल स्नायूही आवळला जाई. खालची पापणी किंचित वर, डोळ्याच्या कोपऱ्यात सुरकुत्या.

डार्विननं हे फोटो पुढे लोकांना दाखवले. विजेनं आणलेलं हसू २४ जणांसमोर ठेवलं, तर तिघांना त्याचा अर्थच लागेना. बाकीच्यांना ते हसण्याच्या जातीचं काहीतरी वाटलं, पण 'हसायचा प्रयत्न करतोय' अशी उत्तरंही आली. म्हणजे आमच्या आजींचंच निदान.

यामागची मेंदूतली रचना मला तर विलक्षण वाटते. हुकमी हसू आणि आपोआप आलेलं हसू चेहऱ्यापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोचतं. 'हसा' म्हटल्यावर ओठ ताणण्याचा आदेश निघतो तो मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, हातपाय हलवणाऱ्या पट्ट्यातून. गंमत वाटून आलेलं हसू मात्र भावनांशी जोडलेल्या, जास्त आतल्या भागांतून निघतं. पक्षाघाताचे काही रुग्ण याचा पुरावाच असतात. डॉक्टरांनी "हसून दाखवा" म्हटलं की त्यांचं तोंड एकाच बाजूला ओढलं जातं. पण नातवानं काही चावटपणा केला की तेच तोंड दोन्हीकडून छान फुलतं. क्वचित उलटंही होतं: सांगितल्यावर हसू सरळ येतं, मनापासून हसताना मात्र एक बाजू मागे राहते.

एक खुलासा मात्र हवा. 'डोळे हसले म्हणजे खरं, नाही हसले म्हणजे खोटं' असं सोपं गणित इंटरनेटवर फिरत असतं. ते तितकं पक्कं नाही. डोळ्यांचा स्नायू मुद्दाम आवळता येणारी माणसं बरीच असतात, आणि तोंड भरून ओठ ताणले तरी गाल वर सरकून सुरकुत्या पडतातच. शिवाय हाच स्नायू उन्हातही आवळला जातो. साडेबाराचा मुहूर्त लागून वरात उघड्यावर आली, की सगळ्यांचेच डोळे बारीक. त्यात आनंद किती आणि ऊन किती हे कॅमेऱ्याला काय, आजींनाही सांगता येणार नाही.

तर मी आता करतो काय? हातांना काम देतो. "गजरा सैल झालाय, जरा नीट कर" असं मुलाला सांगतो. त्याला पिन कुठे खोचायची कळत नाही, तो टोचतो, ती "अगं आई गं" म्हणते, आणि पुढच्या चार सेकंदांत जे घडतं ते मी शंभर वेळा सांगूनही घडलं नसतं. कधी नुसतं विचारतो, "पहिल्यांदा भेटलात तेव्हा बिल कुणी दिलं?" त्यावर दोघांची उत्तरं वेगळी आली, की माझं काम झालं.

पण हसण्याच्या ऐन भरात बटण दाबून उपयोग नसतो. खळखळून हसणाऱ्या माणसाची एक चौकट गोठवली तर ती बहुतेक वेळा वेडीवाकडी दिसते. याचीही तपासणी झाली आहे: एकाच चेहऱ्याचा व्हिडिओ आणि त्याच व्हिडिओतली सुटी चित्रं लोकांना दाखवली, तर हलता चेहरा जास्त देखणा वाटतो, असं २०१२च्या एका प्रयोगात दिसलं. जिवंत चेहरा बघताना एकेक वाकडी चौकट आपल्या नजरेत भरत नाही. कॅमेरा नेमकी तीच पकडतो. म्हणून मी हसू ओसरायला लागण्याची वाट पाहतो. तोंड मिटत आलेलं, डोळे अजून तिथेच.

आता अंतराची गोष्ट, कारण इथे आमच्या धंद्यातलेही बरेच जण गफलत करतात. '८५ मिलिमीटरची लेन्स चेहरा बारीक करते' असं सर्रास म्हटलं जातं. चेहऱ्याचा आकार लेन्स बदलत नाही. तुम्ही किती लांब उभे आहात, त्यानं तो बदलतो. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे असतात. मोबाइल ४० सेंटिमीटरवर धरला, तर नाक ४०वर आणि कान ५२वर. म्हणजे कानांच्या मानानं नाक ३० टक्के मोठं उमटणार. तेच दोन मीटरवरून काढलं तर २०० आणि २१२. फरक फक्त सहा टक्के. लांब लेन्सचा उपयोग इतकाच, की मागे सरकूनही चेहरा चौकटीत मोठा राहतो. आणि मागे सरकलेला फोटोग्राफर जोडप्याला पाच मिनिटांत विसरायला होतो, हा तिचा दुसरा फायदा. मला विचाराल तर तोच पहिला.

उजेडाबद्दल पुस्तकं भरतील इतकं लिहिता येईल, मी दोनच ठिकाणी थांबतो. घाटाच्या पायऱ्या काळ्या दगडाच्या. हा दगड उजेड फारसा परत टाकत नाही, त्यामुळे ऊन वर आलं की डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली गडद सावल्या पडतात. तेच जोडपं पाण्याकाठी किंवा चुन्याच्या भिंतीसमोर नेलं की खालून-बाजूनं उजेड भरून येतो. दुसरं ठिकाण म्हणजे हळद. कॅमेऱ्याच्या 'ऑटो'ला दृश्यातले रंग सरासरीनं करड्याकडे झुकवायची सवय असते. समोर हळद, झेंडू, पिवळे कुर्ते असा सगळा पिवळा मामला दिसला, की तो निळा रंग मिसळून हिशेब जुळवू पाहतो, आणि ऐन हळदीत नवरी निस्तेज दिसते. तिथे ऑटो बंद करून हातानं ५५०० केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे दिवसाच्या उजेडावर ठेवायचं. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली मात्र हाही इलाज पुरता चालत नाही. कापडानं निळा उजेड आधीच गाळून टाकलेला असतो. जो आलाच नाही तो संगणकावर तरी आणणार कुठून?

स्टेजवरच्या ग्रुप फोटोला नैसर्गिक वगैरे काही नसतं, तिथे नुसती संभाव्यता असते. माणूस फोटोला उभा असताना मिनिटाला दहा वेळा पापणी लववतो आणि दर वेळी डोळे पाव सेकंद मिटतात असं धरा. मग १५ जणांचे डोळे एकाच फोटोत उघडे मिळण्याची शक्यता जेमतेम निम्मी. ५० जण असतील तर १२ टक्क्यांच्या आसपास. ऑस्ट्रेलियातले भौतिकशास्त्रज्ञ पिअर्स बार्न्स आणि त्यांच्या सहकारी निक स्वेन्सन यांनी यावर सोपा नियम दिला: वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात संख्येला तीननं भागा, कमी उजेडात दोननं, तितके फोटो काढा. या कामाला २००६चं इग् नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. मामाकडची मंडळी स्टेजवर चढली की मी मनात भागाकार करतो. "अजून एक, अजून एक" म्हणतो म्हणून लोक वैतागतात, त्याला इलाज नाही.

इतकं करूनही एक तक्रार उरतेच. मुलगी फोटो बघते आणि म्हणते, "मी अशी दिसते?" तिची आई म्हणते, "अगदी तूच आहेस, किती गोड आलाय." बरीच वर्षं मला वाटायचं, एकीला नटण्याचा ताण आहे आणि दुसरीला लेकीचं कौतुक. मग १९७७ सालचा अमेरिकेतला एक प्रयोग वाचनात आला. मुलींना त्यांच्याच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखी उलटी. स्वतःला बहुतेकींना आरशातली आवडली. त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ. जो चेहरा रोज दिसतो तोच आपल्याला बरा वाटतो. आपल्याला आपला चेहरा रोज दिसतो तो आरशात, इतरांना तो समोरून दिसतो.

आमच्याकडे याला नथीची भर पडते. नथ डाव्या नाकपुडीत. सजताना नवरी तासभर आरशात जी नथ बघते, ती तिला चित्राच्या डाव्या बाजूला दिसत असते. फोटोत तीच उजवीकडे. पदराचंही तसंच, भांग थोडा तिरका असेल तर त्याचंही. नेमकं काय खटकतंय हे तिला सांगता येत नाही, पण खटकतं.

गेल्या मोसमातल्या एका साखरपुड्यात मी ते करून पाहिलं. घाटावरचा एक फोटो लॅपटॉपवर उलटा केला आणि मुलीला दाखवला. "हा! हा पाठवा मला," ती लगेच म्हणाली. आई मागून वाकून बघत होती. "ह्यात काहीतरी चुकलंय," ती म्हणाली, आणि मग, "अगं, नथ उजव्या नाकपुडीत कशी?"

मुलीच्या फोनवर उलटा गेला. हॉलमध्ये लावायला फ्रेम झाली ती सरळची.