फेडरेशन कप (भारतीय फुटबॉल)

फेडरेशन कप ही भारतातल्या फुटबॉल क्लबांची राष्ट्रीय नॉकआउट स्पर्धा, १९७७ ते २०१७ पर्यंत ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन ती भरवायचं. त्याआधी ड्युरँड आणि मुंबईचा रोव्हर्स कप जोरात होते पण त्या आमंत्रणावरच्या स्पर्धा, आणि संतोष ट्रॉफीत राज्यांच्या टीम खेळतात, त्यामुळे देशातला अव्वल क्लब कोणता हे ठरवायला काहीच नव्हतं. नॅशनल लीग सुरू झाली थेट १९९६ मध्ये, तोवर जवळपास वीस वर्षं हा कपच सगळं काही होता.

पहिला कप बेंगळुरूच्या आयटीआयने मोहन बागानला १-० हरवून नेला, म्हणजे सरकारी टेलिफोन कारखान्याची टीम. दुसऱ्याच वर्षी फायनलला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल बरोबरीत सुटले आणि कप दोघांना वाटून दिला, नॉकआउटमध्ये असलं काही करतात का? एकूण कप मोहन बागानचे १४, ईस्ट बंगालचे ८. आपल्या मुंबईला तो आणला महिंद्रा युनायटेडने, २००३ आणि २००५ ला. ही टीम २०१० मध्ये बंद झाली आणि ठाणे-नवी मुंबईत आज आयएसएल (इंडियन सुपर लीग) बघणाऱ्या कित्येक पोरांना ती होती हेच माहीत नसतं.

सगळ्यात गाजलेली मॅच मात्र फायनल नव्हती. १३ जुलै १९९७, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, सेमीफायनल, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, आणि प्रेक्षक १ लाख ३१ हजारांच्या वर. बागानचे कोच अमल दत्ता यांनी 'डायमंड सिस्टिम' (प्लेयर हिऱ्याच्या आकारात उभे करायची रचना) काढली होती आणि मॅचआधी ते समोरच्या प्लेयरना नावं ठेवत सुटले, भुतियाला 'चुमचुम', ओमोलोला 'ऑम्लेट'. पलीकडे ईस्ट बंगालचे कोच पी. के. बॅनर्जी, त्यांनी हेच वापरून पोरांना पेटवलं. निकाल ४-१ ईस्ट बंगाल, भायचुंग भुतियाची हॅट्ट्रिक. आणि एवढं करून फायनलला गोव्याच्या साळगावकरने ईस्ट बंगालला हरवलं, पण ती फायनल कोणी काढत नाही, सगळे सेमीचंच बोलतात.

आता नॉकआउट म्हणायचं तर खरी अडचण इथेच आहे. नेरूळ, खारघर किंवा घोडबंदरच्या टर्फवर रविवारी सेवन-ए-साइड असते तेव्हा एंट्री फी भरली की कोणीही खेळतो, चिठ्ठ्या पडतात, कोणाला बाय (न खेळता पुढची फेरी) मिळतो, हरला की बॅग उचलायची. इंग्लंडचा एफए कप १८७१ पासून साधारण याच हिशोबाने चालतो, गल्लीतला म्हणावा असा क्लबसुद्धा क्वालिफाय होत होत वर येऊ शकतो. फेडरेशन कपात ते दार जवळपास बंदच होतं, ठरलेले मोठे क्लब, आणि नंतर बरीच वर्षं आधी ग्रुप स्टेज, मग सेमी. तरी कधीतरी मजा यायची. २०१६ मध्ये आय-लीगमधून (तेव्हाची नॅशनल लीग) रेलिगेट झालेला, म्हणजे खाली घसरलेला आयझॉल फायनलपर्यंत गेला (तिथे बागानने ५-० धुतला ते सोडा) आणि पुढच्या सीझनला लीगमध्ये परत घेतलेला हाच आयझॉल आय-लीग चॅम्पियन.

शेवटचा कप २०१७ ला कटकमध्ये, बेंगळुरू एफसीने एक्स्ट्रा टाइममध्ये बागानला २-० हरवलं, दोन्ही गोल सी. के. विनीतचे. २०१८ पासून त्याच्या जागी सुपर कप आला. पहिली दोन वर्षं सरळ नॉकआउट, तेही दुसऱ्या वर्षी आय-लीगच्या बऱ्याच क्लबांनी बहिष्कार टाकला, मग २०२३ ला परत ग्रुप. पण विजेत्याला आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीचं तिकीट मिळतं म्हणून क्लब आता जरा सिरियसली घेतात. २०२५ ला एफसी गोवा याच रस्त्याने पुढे गेला आणि रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र गोव्यात फातोर्ड्याला खेळायला आला, फक्त रोनाल्डो आला नाही. नवी मुंबईकरांना यात काही नवीन नाही, २०२३ ला डी. वाय. पाटीलवर सौदीचाच अल हिलाल मुंबई सिटीशी खेळायला आला तेव्हा त्यांचा नेमार जखमी होऊन घरी होता.