इमारत वाजवणारी मुलं

सतारिया स्पर्धेला निघाला की आपली सतार सोबत घेतो. तिच्या कुठल्या पडद्यावर मींड किती खेचायची हे त्याच्या बोटांना पाठ असतं. पाईप ऑर्गन वाजवणाऱ्याला ही सोय नाही. त्याचं वाद्य हजारो नळ्यांचं, दोन-तीन मजली उंच आणि एकाच इमारतीत कायमचं बसवलेलं. स्पर्धक घरून आणतो ते फक्त बूट: पायांनीही सूर वाजवायचे असतात, म्हणून पातळ तळव्यांचे.

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातला, पायांनी भाता मारायचा ऑर्गन आठवतो. तो पेटीच्या घराण्यातला, पितळी रीडवर बोलणारा. पाईप ऑर्गनच्या बहुतेक नळ्या मात्र बासरीच्या गोत्रातल्या. खालून हवेचा पातळ झोत येतो, नळीच्या तोंडाशी असलेल्या धारेवर आदळून आत-बाहेर हेलकावतो आणि नळीतला हवेचा स्तंभ थरथरू लागतो. नळी जितकी लांब तितका सूर खालचा. दोन्ही टोकांना उघडी, सुमारे अडीच मीटरची नळी सेकंदाला ६५ कंपनं करते. वरचं टोक बंद केलं तर निम्म्या लांबीत तोच सूर मिळतो, फक्त थोडा पोकळ.

इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्स शहराच्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, १९६२ साली नवा ऑर्गन बसला. पुढच्याच वर्षी तिथले ऑर्गनवादक पीटर हरफर्ड यांनी तरुण वादकांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. आता ती दर दोन वर्षांनी भरते. १९६४ साली ती जिंकली न्यूझीलंडच्या गिलियन वियरने, तेव्हा ती लंडनमध्ये शिकत होती. १९७९ साली थॉमस ट्रॉटर जिंकला. दोघंही पुढे जगभर नावाजले.

या मुलांची खरी परीक्षा कुठे असते, ते एका साध्या गोष्टीत दिसतं. पियानोची पट्टी जोरात दाबली की सूर मोठा येतो. ऑर्गनची पट्टी फक्त हवेची झडप उघडते, त्यामुळे हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. मग एखाद्या सुरावर वजन द्यायचं कसं? त्याच्या आधीचा सूर किंचित लवकर सोडायचा. मधे जी बारीकशी फट पडते, तिच्यामुळे पुढचा सूर उठून दिसतो. जर्मन संगीतकार बाखची फ्यूग, म्हणजे एकच धून अनेक ओळींत एकमेकींत गुंफलेली रचना, वाजवताना तिच्या सगळ्या ओळी सुट्या ऐकू येतात त्या या फटींच्या जोरावर. आणि ही फट किती ठेवायची, ते ठरवते इमारत. दगडी भिंतींत सूर घुमत राहतो आणि फट भरून काढतो. घुमारा जास्त असेल तर फट मोठी हवी, लयही थोडी आवरावी लागते.

घुमाऱ्याचं गणित मांडलं वॉलेस सबाइन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने, आणि त्यासाठी त्यांनी वापरली ती ऑर्गनचीच एक नळी! १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं काहीच कळत नव्हतं. रिकाम्या खोलीत आवाज साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सबाइन मध्यरात्रीनंतर, सगळं शांत झालं की, नळी वाजवून बंद करायचे आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचे. शेजारच्या नाट्यगृहातल्या बाकांच्या गाद्या आणून एकेक वाढवत त्यांनी पाहिलं, की शोषणारं काही वाढलं की घुमारा त्या प्रमाणात घटतो. अंगावरच्या कपड्यांनीही आकडे बदलतात हे लक्षात आल्यावर त्यांनी आधीच्या हजारो नोंदी बाद केल्या आणि पुढे प्रत्येक वेळी तेच कपडे घातले. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

स्पर्धकाच्या दृष्टीने यातली कळीची गोष्ट अशी, की माणसंही आवाज शोषतात. दिवसा प्रार्थना आणि पर्यटक असतात, म्हणून मोठ्या चर्चमधला सराव बहुधा रात्री, रिकाम्या बाकांसमोर होतो. तिथे कानांनी मापून बसवलेली फट अंतिम फेरीला भरल्या चर्चमध्ये मोठी वाटू लागते, वादन तुटक होतं. तयार मुलगा पहिल्या दोन ओळींत हे ओळखतो आणि बोटं सावरून घेतो.

त्यातून सेंट ऑल्बन्सचं मधलं दालन सुमारे ८५ मीटर लांब. ध्वनीला ते पार करायला पाव सेकंद लागतो. वादक बसतो नळ्यांच्या दोन मोठ्या कपाटांच्या मधे, त्यामुळे त्याला जे ऐकू येतं ते दूरच्या बाकावर पोहोचतच नाही. उपाय जुनाच आहे: मित्राला वाजवायला बसवायचं आणि स्वतः खाली उतरून मागपर्यंत चालत ऐकायचं.

खर्जाची गंमत आणखी वेगळी. मोठ्या ऑर्गनच्या सगळ्यात लांब नळ्या दहा मीटरच्या, सेकंदाला जेमतेम १६ कंपनं. ती कानांपेक्षा बाकाच्या लाकडातून जास्त जाणवतात. एवढी नळी बोलायला वेळ घेते, म्हणून पाय हातांच्या किंचित आधी पडावा लागतो. जिथे इतक्या उंच नळीला जागा नाही, तिथे निम्म्या लांबीची नळी आणि तिच्या पंचमाची नळी एकत्र वाजवतात. षड्ज-पंचमाच्या त्या जोडीतून आपला कान खालचा षड्ज स्वतःच उभा करतो. तानपुऱ्यातला गंधार ऐकायची सवय असलेल्यांना कान किती बारकाईने काम करतो हे सांगायला नको.

शेवटी उरतं तापमान. हवा एका अंशाने तापली की ध्वनीचा वेग सुमारे ०.६ मीटर प्रतिसेकंदाने वाढतो आणि बासरीसारख्या नळ्या किंचित चढतात. ट्रम्पेटसारख्या नळ्यांत मात्र पितळी जीभ असते. तिचा सूर धातूच्या लांबीवर ठरतो, म्हणून ती जवळपास जागची हलत नाही. अंतिम फेरीच्या सकाळी सूर लावणारा कारागीर दोन्ही कुळं जुळवून जातो. मग शेकडो माणसं आत येतात, दोन-तीन अंश वाढतात आणि जुळलेली कुळं पुन्हा फाकतात. ट्रम्पेटचा स्टॉप, म्हणजे त्या नळ्या चालू करणारी खुंटी, ओढून शेवटचा झगझगीत स्वरमेळ वाजवायचा असं ठरवून आलेल्या मुलीला तेव्हा बाकावर बसल्या बसल्या, चालू तुकड्याच्या मधेच, ठरवावं लागतं: ओढायचा का तसाच ठेवायचा?